कळसाला दिलेला स्टो

स्टो पेटवायला बसलं की माणसानं कान बंद ठेवावेत. त्या दिवशी सकाळी मी ओसरीवर चहासाठी स्टो पेटवत होतो. रॉकेलात भिजवलेल्या काकड्यानं बर्नर चांगला तापवला, चावी आवळली, पंपाचे दोन-चार हात मारले आणि तेवढ्यात देवळाचा भोंगा खरखरला. आमच्या गावात महादेवाच्या देवळाला नवा पितळी कळस बसवायचा म्हणून घरोघरची पितळेची मोड गोळा करणं चाललं होतं. कुणी काय दिलं ते रोज सकाळी भोंग्यावरून सांगायचे. कुणाची घागर, कुणाचं पातेलं, कुणाची मोडकी समई. मी अर्ध्या कानानं ऐकत होतो. मग एकदम माझंच नाव आलं. त्याच्यापुढं, "यांच्या मातोश्रींकडून कळसासाठी पितळी स्टो, नग एक!"

पंप हातातच राहिला. तेवढ्यात बर्नर गार झाला, रॉकेल नुसतंच वर उसळलं आणि पिवळा भडका पत्र्याकडं गेला. चावी सोडली, तसाच आत पळालो, आलमारी उघडली. वरच्या फळीवरची एक जागा रिकामी होती. धुळीत तीन पायांचे तीन ठिपके तेवढे राहिले होते.

"माय!" मी असा ओरडलो की शेजारच्या कोंबड्या उडाल्या.

माय परसात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "भोंग्यावर आलंय न्हवं? मग कामून वरडायलास?"

"कुनाला इचारून दिलास?"

"मपला व्हता, दिला. मपल्या नावानं दिला." एक शेंग कचकन फोडून ती पुढं म्हणाली, "पर त्या मेल्यानं तुजं नाव घेतलं."

तिच्या त्या शेवटच्या बोलण्याकडं मी लक्षच दिलं नाही. माझ्या डोक्यात टेम्पो घुसला होता. गोळा झालेली सगळी मोड दुपारच्या टेम्पोनं परभणीला ओताऱ्याकडं जाणार होती. एकदा भट्टीत पडल्यावर स्टो काय अन् पातेलं काय, सगळ्याचं एकच पाणी. दुपारच्या आत स्टो परत आणला तर आणला, नाहीतर संपलं.

आता एका स्टोसाठी एवढा थयथयाट कशाला, असं तुम्हीही म्हणाल. सगळेच म्हणतात. मी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होतो. रिटायर झाल्यावर लोक देवदेव करतात, मी स्टो करतो. वातीचे नव्हेत, पंपाचे, पितळी. एक सोनपेठच्या बाजारात भंगारवाल्याच्या पोत्यातून ओढून काढलेला. एक पोखर्णीला देवळासमोरच्या चहावाल्याच्या हातापाया पडून आणलेला, चांगला मोठा हॉटेलचा. एक चारठाण्याचा. तिथं मी बायकोला जुनी देवळं दाखवायला नेलं होतं, आणि एका घराच्या माळवदावर स्टो पडलाय असं कुणीतरी बोललं. बायको अजून सगळ्या पाहुण्यांना सांगते, "लोक चारठान्याला देवळं बगत्यात. मी हेन्ला शिडीवर चडताना बगितलं."

बरं, आलमारीत शोभेला ठेवले असते तर लोकांनी कौतुक केलं असतं. मी ते वापरतो. सकाळचा चहा, संध्याकाळचं आंघोळीचं पाणी, शेतात गेलं की आखाड्यावरच्या छपरात खिचडी, सगळं स्टोवर. हे मात्र कुणाला सोसत नाही. रोज कुणीतरी ओसरीसमोरून जाताना विचारतोच, "काका, गॅस संपला का?" रोज! अरे बाबा, नाही संपला, दोन टाक्या भरून आहेत, माझी हौस आहे. "मंग ठीक हाय," असं म्हणून जातो आणि दुसऱ्या दिवशी परत तेच विचारतो.

रॉकेलची तर बातच सोडा. रेशनचं रॉकेल बंद झाल्यापासून मी भिकाऱ्यासारखा फिरतो. दुकानदाराकडं रॉकेल मागितलं की तो असा बघतो, जणू मी कुणाची गंजी पेटवायला निघालोय. एका शहाण्यानं रॉकेल म्हणून डिझेल मिसळून दिलं. निप्पल तुंबलं, भिंती काळ्या झाल्या आणि बायकोनं अबोला धरला. तो अबोला काजळीपेक्षा जास्त टिकला. पंपाचं वायसर कुठं मिळत नाही, तर जुन्या चपलेचं चामडं कापून, तेलात भिजवून मीच करतो. बायको म्हणते, घरात एक चप्पल धड राहिली नाही. खोटं आहे ते. तिच्या चपलांना मी हात लावत नाही.

आणि वर हा भाचा. पुण्याला कंपनीत आहे. मागच्या दिवाळीत आला, आलमारी बघून ओरडला, "मामा, हे तर व्हिंटेज कॅम्पिंग स्टो आहेत! लोक वेडे होतात यांच्यासाठी!" मला वाटलं, चला, घराण्यात एक तरी समजदार निघाला. त्यानं मोबाईलवर दाखवलं. कुठल्याशा तळ्याकाठी रंगीत तंबू, टोप्या घातलेली पोरंपोरी, मधोमध अगदी असाच स्टो आणि त्याच्यावर शेवया. माय वाकून बघत होती. म्हणाली, "पालं ठोकलीत व्हय? कोन्च्या कारखान्याला गेलेत?"

भाच्याला काही कळेना. "आजी, कारखाना नाही. मजा म्हणून राहतात असे उघड्यावर. पैसे भरून."

"पैशे भरून?" मायनं मोबाईलवरची नजर काढली नाही. "आन् मुकादम कुठाय?"

मी हसून हसून बेजार झालो. भाचा आपला दोघांच्या तोंडाकडं बघतोय. त्याला काय सांगणार? दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव रिकामं व्हायचं. उसाच्या तोडीला. कारखान्याच्या रानात पाचटाची कोपी घालायची आणि हंगाम संपेपर्यंत त्या कोपीत राहायचं. बाप ऊस तोडायचा, माय मोळ्या बांधायची, गाडी भरायची आणि त्यातनं वेळ काढून चुलीवर भाकरी थापायची. कॅम्पिंगच की ते. आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, एवढंच.

एका हंगामात अवकाळी आला तो हलेचना. सरपण भिजलं, चूल भिजली, पाचट भिजलं. आम्ही भावंडं कच्चा ऊस खाऊन पोट दुखवून घेतलं.  हंगाम संपताना माय एकटी बाजाराला गेली आणि बापाला न विचारता स्टो घेऊन आली. नवा, पितळी, लखलखीत. बापानं लय आदळआपट केली. बाईच्या जातीनं बाजारात जाऊन यंत्र घेतलं म्हणजे काय! माय खाली बसली आणि पंप मारायला लागली. निळी आच धरली, फर्र आवाज सुरू झाला तसा बाप गप्प झाला. चहा मात्र त्यानं दोनदा घेतला.

पुढं दरसाल तो स्टो आमच्याबरोबर गाडीत. पाचटाच्या कोपीत स्टो पेटवणं म्हणजे घरादाराची होळीच, म्हणून माय बाहेर तीन बाजूंनी पोती उभी करायची आणि वाऱ्याला शिव्या घालत आडोशाला पेटवायची. अंधारात तो फर्र आवाज आला की मला कळायचं, चहा होतोय, आता उठायचं. शेजारच्या कोपीतल्या बाया काकडा मागायला यायच्या, लेकराला दूध तापवून न्यायच्या. एकदा गाडीवरून पडून टाकीला पोचा आला. माय त्या बैलाला कारखान्यापर्यंत बोलत गेली. तो पोचा अजून आहे. आलमारीतले बाकी सगळे स्टो मी त्या एका स्टोपायी जमवलेत. आणि माय तोच उचलून देते! फुटकी घागर होती, दोन जुनी पातेली होती, ती नाही द्यावीशी वाटली.

तर, मी तणतणत देवळात गेलो. सभामंडपात मोडीचा ढीग. घंगाळं, तांबे, पराती, आणि त्यांच्यामध्ये आमचा स्टो उलटा पडलेला, पाय वर. ढिगाशेजारी खुर्ची टाकून कमिटीचा अध्यक्ष बसला होता. तो माझ्याच वर्गातला. शाळेत यानं कधी तोंड उघडलं नाही, आता माईक हातातून सोडत नाही. मी स्टोला हात घातला तसा तो ओरडला, "हां हां हां! देवाला दिलेलं परत उचलत न्हाईत!"

"देवाला स्टोचं काय काम रे?"

"देवाला न्हाई. कळसाला."

"कळसाला पितळ लागतंय. स्टो लागतोय का?"

"मंग पितळ आन. वजनाला वजन दे आन् घिऊन जा तुजा स्टो. एवडा जीव अडकलाय त्याच्यात तर आदी मायला सांगायचं!"

"मायला मधी आनू नको!"

"मायनंच आनून दिलाय, मी काय चोरून आनला?"

बराच वेळ आमचं असं चाललं. मग माझ्या लक्षात आलं की आपला आवाज वरून, लिंबाच्या झाडावरच्या भोंग्यातून परत येतोय. त्या गाढवाचा माईक चालूच होता. सगळ्या गावानं ऐकलं. मी घरी पोचलो तर बायको दारातच उभी. मी आलमारीतून पोखर्णीचा आणि चारठाण्याचा असे दोन स्टो काढले, पोटाशी धरले. ती म्हणाली, "दोनच कामून? सगळेच घिऊन जावा की. मलाबी एक फळी रिकामी व्हईल."

कापसाच्या काट्यावर वजन झालं. चारठाण्याचा एकटा ठेवून बघितला, भरेना. टाकी पातळ आहे म्हणे. पोखर्णीचाही ठेवला तेव्हा काटा खाली गेला, चांगलाच खाली गेला. वरचं पितळ परत द्यायला अध्यक्ष तयार नाही. "देवाला दिलेलं—" असं त्यानं परत सुरू केलं. मी म्हटलं, गप बस, कळलं. शिडीवर चढून आणलेला आणि पाया पडून आणलेला, असे माझे दोन्ही जिवलग त्या ढिगावर टाकले, मायचा काखेत मारला आणि छाती काढून घरी आलो.

ओसरीवर बसून पहिलं काम केलं ते स्टो पेटवायचं. टाकी पुसली, रॉकेल घातलं, निप्पलमधून पिन फिरवली, काकडा लावला, पंप मारला. वायसर माझ्याच हातचं, सुंदर हवा धरत होतं. निळी आच आली. तोच फर्र आवाज. मला इतकं बरं वाटलं की सकाळपासूनचा सगळा राग उतरला. चहा केला, आलं ठेचून घातलं, कप मायच्या पुढं ठेवला.

"घे. तुज्या स्टोवरचा."

तिनं कप हातानं बाजूला सारला. "मपला कुठला? तुजाच हाय त्यो. घे, ठिव आलमारीत."

"आता काय झालं? आनला की परत!"

"तुला आन म्हनलं व्हतं का मी?"

मी कपाळावर हात मारला. "माय, तुला पाह्यजे तरी काय?"

मग ती उठली. तिचे गुडघे धरतात, भिंतीला हात लावून उठली आणि स्वयंपाकघरातून एकेक भांडं आणून माझ्यापुढं आदळायला लागली. आमच्याकडं भांड्यावर नाव कोरल्याशिवाय भांडं घरात येत नाही. घागर आदळली. "कुनाचं नाव हाय? तुज्या बापाचं." तांब्या आदळला. "ह्यो मपल्या भावाचा. आंदनात दिलता, म्हनून त्याचं नाव." परात. "ही तुजी. तुला नोकरी लागली तवाची." बायको चौकटीत उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "मपल्या सगळ्या भांड्यावर तर आमच्या दादाचं नाव हाय, आत्ती."

"ऐकलंस?" माय म्हणाली. "ह्या घरात मपल्या कमाईचं पितळ एकच. मोळ्या बांदून घेतलेला ह्यो स्टो. त्याच्यावर कुनाचं नाव न्हाई. म्हनून त्योच दिला. म्हनलं, एकदा तरी भोंग्यावर मपलं नाव येऊ दे, आन् मपलं काईतरी वर कळसात जाऊ दे. तर त्या मेल्यानं तुजं नाव घेतलं. आन् तू तर स्टोच काडून आनलास. मंग सांग, आता मपलं काय हाय वर?"

 राग यायचा तो आलाच. "मग हे सकाळी सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं की. तू ऐकलंस का?"

चहा निवून गेला. मी स्टोची चावी सोडली, हवा निघून गेली. टाकी गरम होती, फडक्यात गुंडाळून परत देवळात निघालो. रस्त्यात एकानं विचारलं, "काका, गॅस संपला का?" मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

देवळासमोर टेम्पो भरत होता. मला बघून अध्यक्षानं हातच जोडले. "आता काय आनलंस बाबा?"

"स्टो. घे परत. आन् ते दोन बी राहू दे. फकस्त भोंग्यावर नीट सांग. मायच्या नावानं. मातोश्री-फितोश्री न्हाई, माजं नाव न्हाई, तिचं नाव."

त्यानं माईक फुंकला आणि माईकवर हात ठेवून मला विचारलं, "नाव काय त्येंचं?"

 लहानपणी हा आमच्या घरी तिच्या हातची भाकर खाऊन गेलेला. "तुला म्हाईत न्हाई?"

"आमी तर तुजी माय म्हनूनच वळखतो की. समदं गावच तसं म्हनतंय."

मी तोंड उघडलं आणि अडखळलो. नाव मला माहीत होतं, कागदावर किती वेळा लिहिलेलं. पण तोंडानं मी ते कधी उच्चारलेलं नव्हतं. बाप तिला "ऐकलं का" म्हणायचा, शेजारणी माझ्या नावाची माय म्हणायच्या, नातवंडं आजी म्हणतात. तिला तिच्या नावानं हाक मारणारं माणूस या गावात कुणी नव्हतंच. एवढा मोठा ढीग भांड्यांचा, सगळ्यांवर नावं कोरलेली. शोधून बघितलं असतं तरी त्यात एका बाईचं नाव सापडलं नसतं.

"दे इकडं," म्हणून मी माईक त्याच्या हातातून ओढून घेतला. आयुष्यात कधी भोंग्यावर बोललो नव्हतो. मी तिचं नाव घेतलं. आधी नुसतं तेवढंच, मग सांगितलं की हिनं ऊसतोडीत मोळ्या बांधून स्वतःच्या कमाईनं घेतलेला स्टो कळसाला दिलाय. आणि शेवटी परत एकदा नाव. इथं ते लिहीत नाही. मायनं भोंग्यावर मागितलं होतं, कागदावर नव्हे. अध्यक्षानं स्टो स्वतःच्या हातानं टेम्पोत नेऊन ठेवला, सरळ, पाय खाली करून.

घरी आलो तर माय ओसरीवर बसलेली. डोक्यावरचा पदर नीट केलेला, पाव्हण्याच्या घरी आल्यासारखी. सकाळी भडका उडालेला माझा तो स्टो समोर पडला होता. आलमारीतले जरा बरे म्हणावे असे स्टो गेले होते, रोजच्या चहाला आता हाच. मी काकडा घेतला आणि परत बर्नर तापवायला बसलो. ती बघत होती. म्हणाली, "भोंगा लय खरखर करायलता. मला नीट ऐकूच न्हाई आलं."

त्या भोंग्याचा आवाज नदीपलीकडच्या गावाला जातो. बायको आतून हसली, मला ऐकू आलं.

"काय ऐकू न्हाई आलं?"

"नाव," माय म्हणाली. "परत म्हन बरं एकदा."

मी पंप थांबवला आणि म्हणालो.